लहान मुठीचा कटर

पनवेल
१२ जून २००३

प्रिय अविनाश,

तुझं पत्र आलं आणि मी पाकीट दोनदा उलटून पाहिलं, नक्की माझ्याच नवऱ्याचं आहे ना म्हणून. माझ्या विमानांना इतकी वर्षं ‘प्लॅस्टिकचा कचरा’ म्हणणारा माणूस विचारतोय, ‘किट जोडायला शिकायचंय, हत्यारं कुठली घेऊ?’ अरे, हिमाचलात हवा बदलली की डोकं? फोनवर तर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, आणि पत्रात चक्क प्रश्न! बरं झालं बाई. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून आल्यावर कुणीतरी आपल्या आवडीचं विचारतंय, याचाच मला एवढा आनंद झाला की भात करपला.

तर ऐक. सेट घ्यायचा नाही. त्या डबीतले वीस-तीस नग दिसायला छान, त्यातले दोन वापरले जातात आणि तेही वाकतात. तीनच वस्तू घ्यायच्या, पण चांगल्या. कटर, सुरी, चिमटा. बाकीचं मागाहून.

कटर म्हणजे तुझी साइटवरची तार तोडायची पक्कड नव्हे हं. किटमधले तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी लटकलेले असतात, ते देठ कापायला हा कटर. पात्याची एक बाजू सपाट असते. घेताना पातं मिटवून उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत द्यायचा, दुकानदार काहीही म्हणो. आणि कापायचं दोनदा. आधी तुकड्यापासून लांब, मग सपाट बाजू तुकड्याला टेकवून अगदी जवळ. एका घावात उरकायला गेलास की तिथे पांढरा डाग उठतो, तो रंगाखालूनही दिसतो. तुझा स्वभाव एका घावात उरकायचा, म्हणून मुद्दाम लिहिते.

चिमट्याने डोक्यावरचा एक केस उचलता आला तर चिमटा चांगला. उरण नाक्यावरच्या फारूक घड्याळवाल्याकडे त्याच्या भावाने कुवेतहून आणलेले दोन होते, एक मी तुझ्यासाठी अक्षरशः हिसकावून आणला. तो म्हणाला, “भाभी, घड्याळं मी काय दातांनी दुरुस्त करू?” तर कटर आणि सुरीसकट सगळं या पार्सलात आहे. माझ्या शिवादादाने बोटीवरच्या नोकरीतून येताना आणलेलं छोटं विमानाचं किटही घातलंय. तुला डोंगरात काय मिळणार?

शशिकला आणि तिची मुलगी बऱ्या आहेत ना? तिच्या नवऱ्याला, तुझ्या साइटवरच्या जीवनला, जाऊन दोन वर्षं होतील. उरणची माणसं इतक्या लांब, स्टोअरमधली नोकरी आहे म्हणून बिचारी तिथेच राहिली. अधूनमधून जाऊन बघत जा. तू आपणहून जाणाऱ्यातला नाहीस, म्हणून मी सांगते.

तुझी,
कुमुद


प्रोजेक्ट कॉलनी
२ जुलै

प्रिय कुमुद,

पार्सल मिळालं. फार छान वस्तू आहेत. तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

दोन-तीन अडचणी आहेत. कटरची मूठ मोठी पडते, नीट आवळता येत नाही. याहून लहान मिळतो का? बोगद्यातल्या गारठ्याने बोटं आखडतात, त्यामुळेही असेल. दुसरं, गोंदाच्या वासाने डोकं दुखतं. बिनवासाचा असतो का? आणि सुरी फारच धारदार आहे, भीती वाटते. जरा बोथट टोकाची असली तर बरं.

बोगद्याचं काम चालू आहे. जेवण ठीक. शशिकला बरी आहे, रियाही. तुझा निरोप दिला.

तब्येतीला जप.

अविनाश


पनवेल
१४ जुलै २००३

अविनाश,

मूठ मोठी पडते? तुला? पोळपाटाएवढा पंजा तुझा, लग्नात तुझ्या अंगठीचं माप बघताना माझ्या आईने कपाळावर हात मारला होता! बोटं आखडली तर मूठ मोठी लागते राजा, लहान नव्हे. लॅबमध्ये आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी हत्याराच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय ती त्यासाठीच. मी दिवसभर विचार करत होते, हा माणूस असं उलटं का लिहितोय?

आणि मग कवळीवर ब्रश फिरवता फिरवता एकदम डोक्यात प्रकाश पडला. लबाडा! लहान मूठ, बिनवासाचा गोंद, न कापणारी सुरी. हे कुणासाठी लागतं ते काय मला कळत नाही?

गेल्या वर्षी मी दत्तकाचा विषय काढला तेव्हा ‘दुसऱ्याचं मूल आपलं होत नाही’ म्हणून ताटावरून उठून गेला होतास. ते मी विसरले नव्हते. डॉक्टर झाले, नवस झाले, त्या कशाला तू नाही म्हणाला नाहीस, आणि हे एवढंच नाही म्हणालास, याचा मला फार राग होता. आता सांगते, तो राग आज गेला. तू तोंडाने बोलणारा नाहीस. तू आधी हात बसवून घेतो आहेस, मूल घरात आलं की त्याला काय शिकवायचं ते आधी स्वतः शिकतो आहेस. खरं ना? नाही म्हण बघू!

लहान मुठीचा कटर दादरच्या दाताच्या सामानवाल्याकडून मागवला. दाढेच्या तारा कापायचा असतो, पण याने तार कापायची नाही, नुसतं प्लॅस्टिक. स्प्रिंग मऊ आहे, चिमुकल्या हातालाही जड जाणार नाही. गोंद लिंबाच्या वासाचा मिळाला. सुकायला वेळ घेतो, तेवढा दम धरायचा. बोथट सुरी मात्र मी देणार नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकून बोटात घुसते. लहान हातात सुरी द्यायचीच नसते, कानस द्यायची. म्हणून जवाहिऱ्याच्या बारीक कानसा पाठवल्यात. एकाच दिशेने घासायचं, करवतीसारखं पुढेमागे नाही. कानसेच्या दातांत अडकलेला भुगा जुन्या टूथब्रशने झाडायचा.

यासोबत दत्तक देणाऱ्या संस्थेचा अर्ज आहे. माझी सही झालीय. तुझी खाली, फुली केलीय तिथे. नवऱ्याच्या सहीशिवाय ते कागद हातातही घेत नाहीत.

अविनाश, मी आज फार खूश आहे. शेजारच्या झेबाने विचारलंसुद्धा, लॉटरी लागली का म्हणून.

कुमुद


प्रोजेक्ट कॉलनी
९ ऑगस्ट

प्रिय कुमुद,

कटर अगदी मापात बसला. गोंदही चालतो. कानसांचं तू लिहिलंस ते फार उपयोगी पडलं.

तू जे समजायचं ते समजतेसच. मी काय लिहिणार. अर्ज मिळाला, जपून ठेवला आहे. अशा गोष्टी पोस्टाने करण्यापेक्षा दिवाळीला घरी आल्यावर शांतपणे बोलू आणि सही करू.

कानस मारल्यावर प्लॅस्टिकवर ओरखडे राहतात. ते कसे घालवायचे? पंखाचे दोन भाग जोडल्यावर मधली रेघही दिसते. सविस्तर लिही. तू लिहितेस ते लगेच कळतं.

अविनाश


पनवेल
३ सप्टेंबर २००३

प्रिय अविनाश,

‘तू जे समजायचं ते समजतेसच.’ हे वाक्य मी पन्नासदा वाचलं. कंजूस! दोन शब्द जास्त लिहिले असतेस तर शाई संपली असती का? पण असू दे. मी समजले.

ओरखड्यांसाठी पॉलिश पेपर. लाकडाचा भरड नाही, गाडीच्या रंगाला वापरतात तो काळा, पाण्यात चालणारा. आधी चारशे नंबर, मग सहाशे, मग हजार. पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल गोल. नंबर गाळायचा नाही. चारशेवरून थेट हजारावर उडी मारलीस तर ओरखडे तिथेच राहतात आणि नुसते चकाकतात. कागद बोटाभोवती गुंडाळून घासलास तर खड्डा पडतो, तो आइस्क्रीमच्या काडीला चिकटव. जोडाची रेघ घालवायला गोंद थोडा जास्त लावून दोन भाग दाबायचे. आतून प्लॅस्टिक विरघळून बाहेर येतं, ते सुकलं की घासून टाकायचं. पण सुकेपर्यंत बोट लावायचं नाही! गोंदाने तिथलं प्लॅस्टिक मऊ झालेलं असतं, बोट टेकलं की ठसा उठतो आणि तो तसाच वाळतो. माझ्या पहिल्या बोटीच्या बुडाला माझा अंगठा अजून आहे.

आता इकडचं. संस्थेच्या बाई घर बघायला येऊन गेल्या. मागची खोली मी रंगवून घेतलीय, फिकट पिवळी. माझं किटचं टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला लावलं, खिडकी मुलाला. त्या विचारायला लागल्या, “मिस्टरांचं काय मत?” मी म्हटलं, “मिस्टर हिमाचलात विमानं जोडायची प्रॅक्टिस करतायत.” इतक्या हसल्या! पण जाताना स्पष्ट सांगून गेल्या. डिसेंबरअखेर दोघांच्या सह्यांचे कागद आले पाहिजेत. जानेवारीत मला पंचेचाळीस पूर्ण होतात, मग त्यांच्या नियमात लहान मूल देत नाहीत. दिवाळी म्हणजे ऑक्टोबर, वेळ आहे तसा. तरी जीव थोडा थोडा होतो.

आणि तू जोडलेलं एखादं विमान मला पाठव. मला परीक्षा घ्यायची आहे. बुवा नुसतेच प्रश्न विचारतात की कामही करतात, ते कळू दे.

कुमुद

ता. क. परवा रात्री तुझ्या क्वार्टरला फोन लावला, कुणी उचलला नाही. एवढी ड्यूटी करू नकोस.


प्रोजेक्ट कॉलनी
१५ ऑक्टोबर

प्रिय कुमुद,

दिवाळीला रजा मिळत नाही असं दिसतं. पंपाचं काम निघालं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. अर्ज सही करून पाठवतोच.

विमान पाठवत आहे. कच्चं काम आहे, हसू नकोस. पॉलिश पेपरचं सांगितलंस तसंच सगळं केलं आहे, नंबर गाळले नाहीत. तुला आवडलं तर जरूर लिही, तुझ्या पत्राची इथे वाट बघितली जाते.

अविनाश


पनवेल
८ नोव्हेंबर २००३

प्रिय शशिकला,

मी पनवेलहून कुमुद. जीवनभाऊ गेले तेव्हा तुला लिहिलं होतं, त्यानंतर राहूनच गेलं. राग मानू नकोस.

एक विचारायचं आहे, आणि सरळच विचारते, मला आडून बोलता येत नाही. अविनाशने एक विमान पाठवलं. स्वतः जोडलं म्हणून. काम इतकं सुरेख आहे की मी हातात घेऊन बसूनच राहिले. देठाजवळ एकही पांढरा डाग नाही, सगळीकडे दोनदा कापलंय. अविनाश आयुष्यात काही दोनदा कापणार नाही. मग उलटं करून पाहिलं तर पंखाखाली गोंदात एक ठसा आहे. अंगठ्याचा. माझ्या करंगळीहून लहान.

तुझी रिया करते ना हे? मला आधी इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, जीवनभाऊंच्या लेकीला काहीतरी विरंगुळा मिळाला. मग वाटलं, यात लपवण्यासारखं काय होतं? ‘मी शिकतोय, माझी बोटं आखडतात’ असं खोटं का लिहिलं? मी तर म्हटलं असतं, अजून दोन किटं पाठवते.

काल त्याच्या क्वार्टरला पुन्हा फोन केला. कुणी नवीन इंजिनियर बोलला. म्हणाला, “साब तो यहाँ नहीं रहते, उन्होंने कमरा मार्च में छोड़ दिया।”

शशिकला, तो राहतो कुठे? तुला माहीत असेल तर मला कळव. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

कुमुद


प्रोजेक्ट कॉलनी
२७ नोव्हेंबर

वयनी,

तुमचा कागद मिळाला. चार दिवस लिवायला हात धजला नाय. पण तुमी सरळ विचारलंत, मी पण सरळच सांगते.

ते आमच्याकडं राहतात. होळीपासून. मला वाटलं तुमाला ठावं हाय. माझ्या पोरीच्या गळ्याची शपथ, मला तसंच सांगितलेलं. बोलले, कुमुदला सगळं सांगितलंय, तिचं काय बोलणं नाय, तिनंच तर तुमच्याकडं बघायला सांगितलं. पयले तीन म्हयने माझ्या मनाला पटत नव्हतं. मग तुमची पार्सलं यायला लागली. हत्यारं, किटं, रियाच्या हाताच्या मापाचा कटर. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची हाय, आमची पोर आपली मानते. तुमचा कागद आला की ते रियाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, कटर कसा धरायचा, कानस कशी मारायची. रिया पाठ करायची. तुमाला ती पनवेलची काकू बोलते. मदलं मदलं ते गाळायचे, कागद दुमडून बोलायचे, पुढचं आमचं घरातलं हाय. मी कदी विचारलं नाय.

एक डाव मीच बोलले, वयनींना मूल नाय, त्यांना बोलवा की इकडं, रियाला बघतील. तर बोलले, कुमुदला मुलांची आवड नाय, तिला पयल्यापासून नकोच होतं, तिची विमानं नि ती. मी बोलले, असंल बाबा, शहरातल्या बायका.

आज तुमच्या कागदावरनं मला कळलं की तुमाला कायच ठावं नव्हतं. मग दुमडलेल्या कागदात काय होतं, वयनी? मी त्यांची पेटी उघडली नाय. पण आता मला झोप नाय.

मला माफ करा असं लिवायला तोंड नाय. मी एकटी होते, पोर लहान, परका मुलूख. रियाला काय ठावं नाय. तिचा काय दोष नाय.

शशिकला


पनवेल
९ डिसेंबर २००३

अविनाश,

शशिकलाचं पत्र आलं. आता कोण काय म्हणालं, कुणी कुणाला सांगितलं, हे माझ्याकडे लिहून पाठवू नकोस. तिने एका पत्रात जे लिहिलं ते तुला वीस वर्षांत लिहिता आलं नाही.

तू तिच्याकडे राहतोस. त्याचं मला दुःख झालं, लपवत नाही. दोन दिवस लॅबला गेले नाही, झेबाने जबरदस्तीने चहा पाजला. पण तेवढंच असतं तर मी भांडले असते, शिव्या घातल्या असत्या, पहिल्या गाडीने तिथे येऊन तुझी कॉलर धरली असती. बायका सावरतात त्यातून, मीही सावरले असते.

‘कुमुदला मुलांची आवड नाही.’ हे तू म्हणालास? तोंड कसं उघडलं रे तुझं? कुठल्या कुठल्या डॉक्टरांच्या बाकड्यावर तू माझ्या शेजारी बसला आहेस. शेजाऱ्यांच्या बारशाहून आले की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची, आणि तू बाहेरून म्हणायचास, “कुमे, पाणी जातंय.” तुला ठाऊक नव्हतं का? जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, तो तू. आणि तूच असं सांगितलंस.

वर माझीच पत्रं माझी परवानगी म्हणून वाचलीस. मी लहान मूठ शोधत दादरला हेलपाटे घालत होते ते कुणासाठी? मला वाटलं आपल्यासाठी. ‘तू जे समजायचं ते समजतेसच’! मी काय समजले ते तुला पूर्ण माहीत होतं. खोली रंगवली हे तू वाचलंस. बाई येऊन गेल्या हे वाचलंस. एका ओळीत म्हणता आलं असतं, कुमुद, थांब, तुझा गैरसमज होतोय. नाही म्हणालास. कारण म्हणाला असतास तर पॉलिश पेपरचं पुढे कोण सांगणार होतं!

आणि दुसऱ्याचं मूल आपलं होत नाही म्हणालास ना? मग रिया कुणाची आहे? माझ्यापुरतंच होत नव्हतं का ते?

अर्जाचं काय केलंस तेवढं एका ओळीत कळव. डिसेंबर संपायला आलाय.

कुमुद


प्रोजेक्ट कॉलनी
६ जानेवारी

प्रिय कुमुद,

तुझं म्हणणं खरं आहे. मी बचाव करत नाही. वडील गेल्यापासून रिया कुणाशी बोलत नव्हती, तुझ्या विमानांची गोष्ट सांगितली तेव्हा पहिल्यांदा बोलली. मग एकातून एक होत गेलं. तुला सांगायचं ठरवायचो आणि तुझं पत्र इतकं आनंदात यायचं की हिंमत व्हायची नाही.

अर्ज माझ्याकडेच आहे. सही केली नाही. खोटी सही करून तुला आणखी फसवायचं नव्हतं.

शशिकला माझ्याशी बोलत नाही. रियाला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, काकूंचं पत्र का आलं नाही.

मी एक सुचवतो, रागावू नकोस. तुला मूल हवं होतं. रिया आहेच की. ती तुला इतकं मानते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला पनवेलला सोडतो, दर वर्षी. मागच्या खोलीत राहील, तुझ्याकडून सगळं शिकेल. तुझा हात तिच्यात उतरला आहे, हे तू त्या विमानात पाहिलंस. सगळ्यांनाच बरं होईल. विचार कर.

अविनाश


पनवेल
२० जानेवारी २००४

अविनाश,

‘खोटी सही करून तुला आणखी फसवायचं नव्हतं.’ वा रे वा! एवढ्या सगळ्यात तुझा प्रामाणिकपणा नेमका त्या एका फुलीपाशी येऊन जागा झाला.

मी विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. मे महिन्यात मागच्या खोलीत एक मुलगी, खिडकीशी बसलेली, हातात कटर. मी तिच्यासाठी आमरस करते आहे. मी तर स्वयंपाकघरात जाऊन बरणीसुद्धा पाहिली, साखरआंब्याला पुरेल का म्हणून. इतकी मी वेडी आहे. आणि हे तुला बरोबर ठाऊक आहे, म्हणूनच तू ते लिहिलंस. तुला मला रिया द्यायची नाही. तुला मला गप्प करायचं आहे, आणि त्यासाठी तिला पाठवणार आहेस.

नाही. मला पाहुणी नको. मला असं मूल हवं होतं की जे जून उजाडला तरी इथेच राहील, माझ्याशी भांडेल, मला आई म्हणेल. रियाला आई आहे, चांगली आहे, खरं लिहिणारी आहे. तू त्या दोघींचा काय लागतोस ते त्या ठरवतील.

मी काही देवी नाही. मुलीचा दोष नाही हे मला कळतं, तरी तिच्या प्रश्नांची उत्तरं मी यापुढे लिहिणार नाही. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही आणि मला पाहायचा नाही. उद्या माझं मन बदललं तर माझी मी बघेन, तुझ्या मध्यस्थीने नव्हे.

पनवेलच्या घराचं कुलूप बदललं आहे. तुझे कपडे आणि पुस्तकं शिवादादाकडे ठेवली आहेत. सोमवारी संस्थेत जाऊन माझं नाव काढून घेतलं. बाईंनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, नवऱ्याची संमती नाही, असं लिहा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “अहो, पण ते तर प्रॅक्टिस करत होते ना?” तिथे त्यांच्या टेबलाशी उभी राहून मी जी रडले, ती इतक्या वर्षांत न्हाणीघरातही रडले नव्हते.

आता एकच काम कर. माझी बाकीची पत्रं मोठ्याने वाचून दाखवलीस, तसं हेही वाच. दोघींना समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून वाच. कागद दुमडू नकोस, मधलं गाळू नकोस. तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून याचीच दुसरी प्रत शशिकलाच्या नावाने आजच रजिस्टर केली आहे. ती तुला वाचून दाखवेल. तिला फार काही वाचावं लागणार नाही, शेवटची ओळ वाचली तरी पुरे.

मला मूल हवं होतं, शशिकला. पहिल्यापासून हवं होतं.

कुमुद